रॉड, सीओटू की रिव्हेट? गाडीच्या पत्र्याची गोष्ट, नगरमार्गे

कानात हेडफोन आणि डोळ्यांसमोर रस्ता असेल, तर आजचा भाग तुमच्यासाठीच आहे. आज आपण गाडीच्या पत्र्याबद्दल बोलणार आहोत.

आपल्या श्रोत्यांमध्ये जुन्या गाड्यांची हौस असणारे बरेच आहेत. कुणाकडे आजोबांची जीप, कुणाकडे वडिलांची ओम्नी, तर कुणी पंधरा वर्षांची गाडी स्वस्तात उचललेली. या मंडळींचा एक प्रश्न सारखा येतो. खालचा पत्रा सडलाय, दरवाजाच्या कडेला भोकं पडलीत, मोबाईलवर रोज वेल्डिंग मशीनच्या जाहिराती दिसतायत. घरीच जोडायचं म्हटलं, तर कुठलं वेल्डिंग घ्यावं? साधं रॉडचं, गॅसचं, सीओटू की आर्गन?

आता तुम्ही म्हणाल, हा प्रश्न गॅरेजवाल्याला विचारायचा, इतिहासाच्या पॉडकास्टवाल्याला कशाला? पण मला तो इतिहासाचाच प्रश्न वाटतो. यातली प्रत्येक पद्धत वेगळ्या काळात, वेगळ्या धातूसाठी आणि वेगळ्या भीतीपोटी जन्माला आली. कुणाला वजनाची भीती होती, कुणाला गंजाची, कुणाला तोफगोळ्याची, कुणाला अपघाताची. ती भीती कळली की आपल्या गाडीला काय लागू पडतं ते बऱ्यापैकी आपोआप कळतं. आणि ही सगळी गोष्ट सांगायला नगर जिल्ह्यापेक्षा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरपेक्षा, चांगली जागा मला सापडली नाही. का, ते बघूच.

आधी बैलगाडी

वाहनाचा लोखंडी भाग तापवून जोडायचं काम आपल्याकडे मोटारीच्या कितीतरी आधीपासून चालत आलंय. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी पट्टी चढवलेली असते, तिला धाव म्हणतात. ही धाव म्हणजे एक सरळ पट्टी. ती वाकवून गोल करायची आणि दोन टोकं एकमेकांत मिसळवायची. लोहार ती टोकं भट्टीत पांढरीशुभ्र होईपर्यंत तापवायचा, वर टाकणखार टाकायचा आणि घणाचे घाव घालायचा. टाकणखार कशाला? तापलेल्या लोखंडावर हवेमुळे एक थर धरतो. तो थर मध्ये राहिला की जोड धरत नाही. टाकणखार तो थर वितळवून बाहेर काढतो.

हे लक्षात ठेवा, कारण पुढची सव्वाशे वर्षं सगळी वेल्डिंग याच एका अडचणीशी झगडताना दिसेल. तापलेला धातू आणि हवा यांची गाठ पडू द्यायची नाही. हे ज्याने त्याने आपापल्या पद्धतीने साधलं.

१ जून १९४८

आता थेट एसटीवर येऊ. १ जून १९४८ रोजी नगर–पुणे मार्गावर राज्य परिवहनची पहिली गाडी धावली. चालक होते किसन राऊत आणि वाहक होते लक्ष्मण केवटे. सुरुवातीला ताफ्यात तीस बेडफर्ड गाड्या होत्या. सीटांमध्ये काथ्या भरलेला आणि बॉडी चक्क लाकडाची!

लाकडी बॉडीला वेल्डिंगचा संबंधच नाही. तिथे सुतार लागतो, स्क्रू लागतो, नट-बोल्ट लागतो. तुटलं की फळी काढायची, दुसरी बसवायची. दुरुस्ती सोपी, पण मजबुती बेताची. म्हणून एसटीने पुढे लाकूड सोडून पोलादी बॉडी आणल्या. पोलाद मजबूत, पण कोकणातला पाऊस आणि समुद्राचा वारा कुणाला सोडतोय? पोलाद गंजायला लागलं. म्हणून १९६० च्या दशकात ॲल्युमिनियम आलं. आणि गेल्या दहा वर्षांत एसटी पुन्हा पोलादाकडे वळली. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या कार्यशाळांमध्ये माइल्ड स्टीलच्या बॉडी बांधायला घेतल्या गेल्या. कारण उघड होतं. अपघातात ॲल्युमिनियमची बॉडी लवकर चुरगळते.

म्हणजे बघा: लाकूड, पोलाद, ॲल्युमिनियम, परत पोलाद. दरवेळी धातू बदलला आणि धातूबरोबर जोडही बदलला. जुन्या लाल गाडीच्या बाजूला ओळीने ठिपके दिसायचे, आठवतंय? ते रिव्हेट. ते वेल्ड का केले नसतील? त्याचं उत्तर थोड्या वेळात.

आंबे पिकवायच्या कार्बाइडपासून

पहिली पद्धत, गॅस वेल्डिंग. १८९२ मध्ये थॉमस विल्सन नावाचा माणूस अमेरिकेत विजेच्या भट्टीत स्वस्तात ॲल्युमिनियम बनवायचा खटाटोप करत होता. ॲल्युमिनियम काही हाती लागलं नाही, पण एक राखाडी खडा मिळाला. त्यावर पाणी टाकलं की जळणारा वायू निघायचा. तो खडा म्हणजे कॅल्शियम कार्बाइड. हो, तेच, जे वापरून आंबे पिकवायला कायद्याने बंदी आहे. आणि तो वायू म्हणजे ॲसिटिलीन.

सुरुवातीला तो दिव्यांत जळत होता. सायकलींच्या, पहिल्या मोटारींच्या पुढच्या दिव्यांत कार्बाइडच असायचं. १८९५ मध्ये फ्रान्सच्या ल शातेलिए या रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं की ॲसिटिलीन आणि ऑक्सिजन एकत्र जाळले तर ज्योत ३००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. पोलाद साधारण १५०० अंशांना वितळतं. मग १९०३ च्या सुमारास फूशे आणि पिकार या दोघा फ्रेंच मंडळींनी ती ज्योत हातात धरता येईल अशी नळी बनवली.

पुढची कित्येक दशकं जगभरात गाडीचा पत्रा जोडायचा म्हणजे गॅसच. जुन्या डेंटिंगवाल्या मिस्त्रीचा हात यावरच बसलेला असतो. त्याच ज्योतीने तो पत्रा जोडतो, पितळेचा जोड देतो, आणि फुगलेला पत्रा तापवून, ठोकून, गार करून परत जागेवर आणतो. हे बघणं म्हणजे एक सोहळाच असतो.

पण गॅसचा गुण तोच त्याचा दोष आहे. ज्योत पसरट असते. एका टाक्यासाठी आजूबाजूचा वीतभर पत्रा तापतो, आणि तापलेला पत्रा प्रसरतो, गार झाला की आखडतो. सपाट दरवाजाचा पापड होतो. मिस्त्रीला तो सरळ करता येतो. नवशिक्याला येत नाही. शिवाय घरात ॲसिटिलीनचं सिलिंडर ठेवणं हा खेळ नाही. सिलिंडरमध्ये तो वायू ॲसिटोन या द्रवात विरघळवलेला असतो, म्हणून सिलिंडर कायम उभं लागतं. आडवं टाकून वापरलं तर ॲसिटोन नळीत येतं. ज्योत नळीतून मागे सरकली तर काय होईल ते मी सांगायला नको.

मळी: कारखान्याची आणि रॉडची

दुसरी पद्धत आपल्या गावागावात आहे. रॉडचं वेल्डिंग.

१८८१ च्या सुमारास रशियन साम्राज्यातल्या बेनार्डोस या माणसाने कार्बनच्या कांडीतून विजेची ठिणगी पाडून धातू वितळवला. पुढे स्लाव्यानोव याने कार्बनऐवजी धातूचीच कांडी वापरली. म्हणजे कांडीच वितळून जोडात उतरायची. पण हवेची अडचण होतीच. उघड्या कांडीचा जोड ठिसूळ व्हायचा. स्वीडनच्या ऑस्कर शेलबेर्ग याने कांडीला लेप दिला. लेप जळतो, त्याचा धूर हवेला बाजूला ठेवतो, आणि वर मळीचा थर बसतो. लोहाराच्या टाकणखाराचं काम आता रॉडवरचा लेप करायला लागला. शेलबेर्गने १९०४ मध्ये काढलेली कंपनी म्हणजे आजची एसाब. आपल्याकडे मुंबईत अडवाणी-ऑर्लिकॉन १९५१ मध्ये आली आणि देशी रॉडचा जमाना सुरू झाला.

योगायोग बघा. त्याच्या आदल्याच वर्षी, १९५० मध्ये, नगर जिल्ह्यात लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटलांचा प्रवरा सहकारी साखर कारखाना सुरू झाला होता. मग जिल्ह्यात एकामागून एक कारखाने उभे राहिले. आणि साखर कारखाना म्हणजे वेल्डिंगचं मोठं गिऱ्हाईक. गाळप संपलं की दुरुस्तीचा हंगाम लागतो. इतकंच काय, उसाचे रोलर गुळगुळीत झाले की ऊस घसरतो, म्हणून रोलरच्या दातांवर रॉडने खरखरीत थेंब चढवतात, आणि हे काम रोलर फिरत असताना, रस गळत असतानाही करतात. (कारखान्याची मळी वेगळी आणि वेल्डिंगची मळी वेगळी, हे मात्र ध्यानात ठेवा.)

मग उसाच्या ट्रॉल्या आल्या, नांगर, कुळव, पेरणीयंत्रं आली, गेट आणि शेड आले. हे सगळं जाड लोखंड. तीन मिलिमीटर, पाच मिलिमीटर, दहा मिलिमीटर. इथे रॉडला तोड नाही. वाऱ्यात चालतो, थोड्या गंजावर चालतो, गॅस लागत नाही, मशीन खांद्यावर टाकून शेतात नेता येतं.

म्हणूनच नगर जिल्ह्यात कुठेही गाडी थांबवा, वेल्डिंगवाला सापडतो, आणि त्याच्याकडे बहुतेक वेळा रॉडचं मशीन असतं. त्याचा हात ट्रॉलीवर बसलेला असतो. तोच हात आपण ओम्नीच्या दरवाजावर लावायला सांगतो, आणि मग पत्र्याला भोक पडलं की त्याला नावं ठेवतो. आता हिशोब करा. गाडीचा बाहेरचा पत्रा साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर जाड असतो. झेरॉक्सचे सात-आठ कागद एकावर एक ठेवले की जेवढी जाडी होते तेवढी. आणि नेहमीचा बारीक रॉड २.५ मिलिमीटरचा. पत्र्याच्या तिप्पट जाड कांडी वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात पत्रा कुठे उरणार?

रणगाड्याची शिकवण

आता थोडं लष्करी बोलू, कारण नगर म्हटलं की रणगाडे आलेच. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल इथे आहे, आणि १९९४ मध्ये सुरू झालेलं रणगाडा संग्रहालयही. तुम्ही शाळेच्या सहलीत गेला असाल. पुन्हा गेलात तर एक गोष्ट मुद्दाम बघा. दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश व्हॅलेंटाइन रणगाडा बघा, त्याच्यावर रिव्हेट आणि बोल्टची डोकी दिसतील. मग त्याच्यानंतरचा सेंच्युरियन बघा. तिथे वेल्डिंग आहे.

हा बदल का झाला? गोळा चिलखत भेदून आत आला नाही, तरी त्याच्या दणक्याने रिव्हेटचं डोकं तुटून आत उडायचं आणि आतल्या सैनिकाला गोळीसारखं लागायचं. शत्रूचा गोळा बाहेर राहिला आणि आपल्याच रिव्हेटने माणूस गेला. शिवाय रिव्हेटसाठी पत्र्यावर पत्रा चढवावा लागतो, वजन वाढतं. म्हणून वेल्डिंग आलं.

मग वेल्डिंग नेहमीच श्रेष्ठ का? थांबा. जानेवारी १९४३ मध्ये अमेरिकेत स्केनेक्टडी नावाचं नवंकोरं तेलवाहू जहाज बंदरात उभं असताना, शांत पाण्यात, मधोमध दुभंगलं. ते वेल्ड केलेलं जहाज होतं. थंडीत ठिसूळ झालेलं पोलाद आणि सदोष वेल्डिंग अशी दोन्ही कारणं तपासात पुढे आली. रिव्हेटच्या जहाजात एका पत्र्याला तडा गेला तर तो पुढच्या पत्र्याच्या कडेशी थांबायची शक्यता असते. वेल्ड केलेल्या जहाजात सगळा पत्रा एकजीव असतो, तडा धावत सुटतो. म्हणजे जोड पक्का असला की ताण नाहीसा होत नाही, तो फक्त दुसरीकडे जातो. सडलेल्या गाडीतही हेच होतं. नवा जाड तुकडा जुन्या पातळ पत्र्याला घट्ट जोडला, की काही महिन्यांनी तडा तुकड्याच्या बाजूला, जुन्या पत्र्यात दिसतो.

ॲल्युमिनियमला रिव्हेट का?

आता मघाचं उत्तर. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पण त्याच्यावर कायम एक अदृश्य थर असतो, ऑक्साइडचा, आणि तो वितळायला २००० अंशांच्या वर तापमान लागतं. म्हणजे आतला धातू पाणी होऊन गळून जातो आणि वरची साय तशीच राहते. पोलाद तापलं की लाल होऊन इशारा देतं, ॲल्युमिनियम तोही देत नाही. बघता बघता भोक.

यावरचा उपाय विमानांच्या कारखान्यातून आला. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत नॉर्थ्रॉप कंपनीत रसेल मेरेडिथ याने टंगस्टनची न वितळणारी कांडी वापरली आणि भोवती हेलियम वायूचा पडदा धरला. हीच टिग पद्धत. पुढे हेलियमच्या जागी आर्गन आला, म्हणून आपल्याकडे तिला सरळ 'आर्गन वेल्डिंग' म्हणतात. जोड देखणा, उष्णता मुठीत. पण एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात तार, धातू आरशासारखा स्वच्छ, आणि सराव महिन्यांचा. हजारो एसटी गाड्यांच्या बाजूचे लांबच लांब पत्रे असे कोण जोडत बसणार? रिव्हेट झटपट बसतो, पत्रा तापत नाही, आणि उद्या पत्रा फाटला तर डोकी उडवून नवा लावता येतो. डेपोत रोजची दुरुस्ती करायची असेल, तर हाच निर्णय शहाणपणाचा होता.

ठिपक्यांची गाडी

आता आपल्या घरच्या गाडीकडे येऊ. अमेरिकेत एडवर्ड बड याने १९१० च्या दशकात लाकूड बाजूला सारून पूर्ण पोलादी, वेल्ड केलेल्या मोटारीच्या बॉडी बनवायला सुरुवात केली. त्याच्या कामाचा आधार होता स्पॉट वेल्डिंग. ही कल्पना एलिहू थॉमसनच्या १८८० च्या दशकातल्या प्रयोगांतून आली. दोन पत्रे तांब्याच्या दोन टोकांमध्ये दाबायचे आणि क्षणभर जोरदार वीज सोडायची. दोन पत्र्यांच्या मध्येच ठिपक्याएवढा धातू वितळतो. हवा आत शिरायला जागाच नाही, आणि पत्रा वाकायला वेळ नाही. १९३४ च्या फ्रेंच सित्रोएन गाडीत तर वेगळी चासीच ठेवली नाही. बॉडी हाच सांगाडा.

आपल्याकडे जुन्या जीपला खाली वेगळी चासी असते. पत्रा सडला तरी चासी भार पेलते. पण मारुती ८०० आणि ओम्नीपासून घराघरात आलेल्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये पत्राच सांगाडा आहे. अशा गाडीत हजारो स्पॉट असतात. दरवाजाचं रबर बाजूला करून बघा, कडेला ओळीने छोटे गोल खड्डे दिसतील. कारखान्याने ठरवून, मोजून टाकलेले टाके आहेत ते.

आणि शेवटची पद्धत, जिला गॅरेजात सीओटू म्हणतात. रिळावरची बारीक तार आपोआप पुढे येते, वितळते, आणि नळीतून येणारा वायू तिच्याभोवती पडदा धरतो. १९४८ मध्ये अमेरिकेत ही पद्धत आली, तीही आधी ॲल्युमिनियमसाठी. त्या वेळचे वायू महाग होते. १९५३ मध्ये सोव्हिएत संशोधकांनी कार्बन डायऑक्साइड वापरून पोलाद जोडून दाखवलं, आणि पद्धत स्वस्त झाली. नंतर तार बारीक होत गेली, आणि पातळ पत्रा जोडणं साध्या माणसाच्या आवाक्यात आलं.

मग घरी काय घ्यायचं?

इतका इतिहास ऐकलात, आता सरळ बोलतो.

मशीन बघायच्या आधी गाडी बघा. जिथे जोडायचंय तिथे कारखान्याने काय केलं होतं? रिव्हेट असेल तर रिव्हेट. स्पॉट असेल तर त्याच्या जवळ जाणारं काहीतरी. डिंकासारखं सीलंट असेल तर ते परत लावायचं.

०.७ ते १.५ मिलिमीटरच्या पोलादी पत्र्यासाठी घरी शिकायला सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे सीओटू, म्हणजेच मिग. तार ०.६ मिलिमीटरची, फार तर ०.८. वायू म्हणून आर्गन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण मिळालं तर उत्तम, कारण निव्वळ सीओटूने शिंतोडे जास्त उडतात. जाहिरातीत 'गॅसची गरज नाही' असं लिहिलेली मशीन असतात. त्यांच्या तारेच्या पोटातच भुकटी भरलेली असते. ट्रॉलीसाठी, उघड्यावर कामासाठी छान, पण पातळ पत्र्यावर ती जास्त तापते.

रॉडचं मशीन आधीच घरात असेल, तर ते जीपच्या चासीवरच्या जाड ब्रॅकेटसाठी, बंपरच्या अँगलसाठी, कॅरिअरसाठी ठेवा. गॅस शिकायचा तर एखाद्या जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली शिका, घरी नको. आर्गन ज्याला या कलेचाच नाद आहे त्याने घ्यावं. आणि बाहेरचा, भार न पेलणारा पत्रा असेल तर रिव्हेट आणि पॅनेल जोडायचा खास ॲडेसिव्ह हाही मान खाली घालायचा पर्याय नाही. विमानंसुद्धा रिव्हेटवर उडतात.

आता काम. गंजलेला भाग पूर्ण कापा, चकचकीत पत्रा लागेपर्यंत. गंजावर वेल्डिंग म्हणजे शेणावर गिलावा. नवा तुकडा त्याच जाडीचा घ्या. सलग शिवण मारू नका. एक टाका इथे, पुढचा दुसऱ्या टोकाला, मग मध्ये, आणि दरवेळी हात लावता येईल इतकं गार होऊ द्या. भोकाच्या मागे तांब्याची पट्टी धरली तर ती उष्णता ओढून घेते. स्पॉटच्या जागी वरच्या पत्र्याला ५ ते ८ मिलिमीटरचं भोक पाडा, दोन्ही पत्रे घट्ट दाबा आणि भोकातून खालच्या पत्र्याला धरून टाका भरा. शेवटी दोन्ही बाजूंनी प्रायमर आणि सीलंट. आतली बाजू उघडी राहिली तर दोन पावसाळ्यांत तिथूनच परत सुरू.

आणि गाडीला हात लावायच्या आधी त्याच जाडीच्या दोन पट्ट्या जोडून बघा. मग एक पट्टी पकडीत धरा आणि दुसरी हातोडीने उलटी करा. टाक्याभोवतीचा पत्रा फाटला तर जोड चांगला. टाकाच सुटून आला तर तुमचा सराव अजून बाकी आहे.

कुठे थांबायचं?

नगरला आणखी एक संस्था आहे, व्हीआरडीई. लष्कराच्या वाहनांचं संशोधन करणारी. मोटार वाहन नियमांप्रमाणे नव्या वाहनांच्या नमुन्याची चाचणी घेऊन प्रमाणपत्र द्यायचा अधिकार ज्या मोजक्या संस्थांना आहे, त्यात ती आहे. म्हणजे रस्त्यावर येण्याआधी प्रत्येक मॉडेल कुठल्या ना कुठल्या संस्थेच्या परीक्षेतून गेलेलं असतं. तुम्ही अंगणात मारलेला टाका मात्र कुणी तपासणार नाही. त्याची परीक्षा थेट घाटात होईल.

म्हणून ही यादी पाठ करा. सीटबेल्टची जागा, दरवाजांमधले खांब, दरवाजाखालची पोकळ पट्टी, सस्पेन्शन आणि स्टिअरिंगच्या बैठका. इथे घरगुती वेल्डिंग नको. नव्या गाड्यांमध्ये तर या भागांत खास कडक केलेलं पोलाद असतं. ते परत तापवलं की त्याचा कडकपणा जातो. वरून जोड सुंदर दिसेल, आतून पत्रा मऊ झालेला असेल, आणि अपघातात तो आधी दुमडेल. इलेक्ट्रिक गाडी आणि सीएनजीची गाडी तर थेट जाणकाराकडे.

बाकीची काळजीही ऐका. बॅटरीची वायर काढा. पेट्रोलच्या टाकीजवळ ठिणगी नको. सीट, मॅट, आतलं डांबरी अस्तर बाजूला करा, आणि पाण्याची बादली व अग्निशामक जवळ ठेवा. काम झाल्यावर तासभर गाडीजवळ थांबा, कारण धग आत कोंडलेली राहते. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा जाळला की त्याच्या धुराने रात्री थंडी-ताप भरतो, म्हणून मुलामा घासून काढा आणि उघड्यावर काम करा. डोळ्यांसाठी वेल्डिंगचाच हेल्मेट हवा. गॉगलने भागत नाही. रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं की हे आठवेल.

आणि एकच दरवाजा दुरुस्त करायचा असेल, तर मशीन विकत घेऊच नका. कापणं, घासणं, तुकडा बेतून बसवणं, प्रायमर मारणं हे सगळं घरी करा. वेळ तिथेच जातो. मग गाडी सीओटू असलेल्या गॅरेजात न्या आणि फक्त टाके मारून घ्या. पैसे वाचतात, काम शिकता येतं, आणि मिस्त्रीशी ओळख होते ती वेगळीच.

एसटीने तीन वेळा विचार बदलला, कारण दरवेळी तिने स्वतःला विचारलं की या गाडीत बसणाऱ्याला सगळ्यात मोठा धोका कशाचा आहे. तुम्हीही सडलेल्या पत्र्यासमोर बसाल तेव्हा हेच विचारा. दिसायला वाईट दिसतंय एवढंच असेल, तर रिव्हेट आणि पुट्टीनेही भागेल. पाणी आत येतंय, गंज पसरतोय, तर सीओटूचे टाके आणि सीलंट. आणि मागच्या सीटवर बसणाऱ्या पोरांचा जीव त्या पत्र्यावर अवलंबून असेल, तर हातातली टॉर्च खाली ठेवून चांगला मिस्त्री गाठा.

तुमच्या गाडीवर, जुन्या एसटीवर किंवा आजोबांच्या बैलगाडीवर एखादा गमतीशीर जोड दिसला, तर फोटो नक्की पाठवा. रिव्हेट आहे, स्पॉट आहे की रॉड, तेही ओळखून लिहा. भेटूया पुढच्या भागात. तोवर डोळे सांभाळा!